ब्लुआचा न्यायाधीश आणि सावकाराची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेतून एक चक्कर मारण्याची माझी जुनी सवय आहे. दुकानादुकानांतून पाट मांडलेले असतात, पाटावर लाल पुठ्ठ्याच्या नव्या वह्या, पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक, बाजूला लाह्या-बत्ताशांचे ताट आणि मंद तेवणारी समई. हल्ली खरे हिशेब संगणकात असतात आणि वही पूजेपुरतीच उरली आहे; तरी ती कोरी वही पाहिली की मला गंमत वाटते. या कोऱ्या पानांवर वर्षभरात किती जणांचे सुखदुःख उतरणार असते! आणि गंमत वाटता वाटताच मनात एक बारीकशी कळ उठते. त्या कळेची हकीकत आज सांगणार आहे. ती सांगता सांगता वाचकांना मी फ्रान्समधल्या एका लहान गावी घेऊन जाणार आहे. फराळाचे ताट जवळ असू द्या. वाटेत थोडे गणित लागेल, पण ते पचण्यासारखे आहे.

मी गणिताचा माणूस नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढे शाळेत मराठी शिकवू लागलो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. एकदा गणिताचे शिक्षक रजेवर गेले आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. धडा होता चक्रवाढ व्याजाचा. पुस्तकातले सूत्र फळ्यावर लिहिले, एक उदाहरण सोडवले आणि मुलांना पुढची पाच सोडवायला सांगून मी खिडकीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

"मास्तर, व्याज वर्षाला धरण्याऐवजी सहा महिन्यांनी धरलं तर रास जास्त होईल ना?"

"होईल."

"दर महिन्याला धरलं तर?"

"आणखी होईल."

"आणि रोज धरलं तर? तासाला, मिनिटाला? मग ते कुठं थांबेल का, मास्तर? का कर्ज वाढतच जाईल?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. ते येत नाही असे सांगण्याइतका मी मोठा नव्हतो. म्हणालो, "परीक्षेला येतं का हे? पुस्तकात आहे तेवढं कर. बस खाली." मुलगा बसला. त्याच्या वडिलांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज होते हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होते, मलाही होते. पुढच्या जूनमध्ये तो वर्गात दिसला नाही. जमीन गेली, कुटुंब शहराकडे गेले, एवढेच कानावर आले.

या गोष्टीला काही वर्षे लोटली. मी एक कादंबरी लिहायला घेतली होती आणि तिच्यात एक सावकार होता. पाचशे रुपयांचे कर्ज, महिना शेकडा दोन, व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवायचे. हे कर्ज बारा वर्षांत किती होईल ते मला हवे होते. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक जुने गणितशिक्षक माझ्या आळीतच राहत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, आलेखाचा कागद काढला आणि महिन्यांप्रमाणे ठिपके मांडत गेले. पस्तीस महिन्यांत पाचशेचे हजार. सत्तर महिन्यांत दोन हजार. एकशे पाच महिन्यांत चार हजार. अकरा वर्षे आठ महिने झाले तेव्हा आकडा आठ हजारांवर पोचला होता. ठिपके जोडले तेव्हा एक रेघ तयार झाली: आधी जमिनीलगत गोगलगाईसारखी सरपटणारी, मग हळूच मान वर करणारी आणि शेवटी नागासारखी फणा काढून उभी राहिलेली.

"अहो कादंबरीकार," ते म्हणाले, "तुमचा सावकार खलनायक असेल, पण त्याच्या वहीतली ही रेघ फार खानदानी आहे बरं का. हिचा एक गुण दाखवतो." आणि त्यांनी पट्टी घेतली.

इथे वाचकांना स्पर्शरेषा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. शेताच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार आपण पाहिला असेल. दगड गोल फिरत असतो. दोरी सुटली की त्या क्षणी ज्या दिशेला त्याचे तोंड असते त्या दिशेने तो सरळ जातो. ती सरळ वाट म्हणजे त्या बिंदूपाशी वर्तुळाची स्पर्शरेषा. वाकडी रेघ त्या क्षणी कुठे निघाली होती हे स्पर्शरेषा सांगते. कर्जाच्या वहीत तिचा अर्थ आणखी सोपा आहे. आजपासून व्याजावर व्याज धरणे बंद केले, फक्त आजच्या रकमेवर सरळव्याज चालू ठेवले, तर रक्कम जशी वाढेल ती सरळ रेघ म्हणजे आजच्या बिंदूची स्पर्शरेषा. सरळव्याज ही चक्रवाढ व्याजाची स्पर्शरेषा होय! इतकी वर्षे हे दोन धडे मुले लागोपाठ शिकतात, पण त्यांचे हे नाते मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

गुरुजींनी पट्टी वक्राला टेकवली आणि ती रेघ मागे, खाली, जमिनीला मिळेपर्यंत ओढली. मग वक्रावरच्या त्या बिंदूपासून सरळ खाली ओळंबा सोडला. जमिनीवर दोन खुणा झाल्या: एक ओळंब्याची, एक तिरप्या रेघेची. दोहोंमधले अंतर मोजले तर पन्नास महिने आणि वर थोडे. "आता तुम्ही ठेवा पट्टी, हवी तिथे," ते म्हणाले. मी हजाराच्या बिंदूपाशी ठेवली: तेवढेच. चार हजारांपाशी, जिथे वक्र फणा काढून उभा होता, तिथे ठेवली: तेवढेच! वक्राची उंची बदलते, चढ बदलतो, पण पायथ्याचे हे अंतर मात्र हलत नाही. गणिती लोक त्याला उपस्पर्शिका म्हणतात. पन्नासच का, तेही त्यांनी सांगितले. महिना शेकडा दोनने मुद्दलाइतके सरळव्याज व्हायला पन्नास महिने लागतात, मग मुद्दल पाचशे असो की पाच लाख. व्याज महिन्याऐवजी क्षणाक्षणाला धरले असते, तर तो 'वर थोडे'चा भागही गेला असता आणि बरोबर पन्नास राहिले असते.

"आणि गंमत ही," गुरुजी म्हणाले, "की हाच प्रश्न साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका न्यायाधीशाने उलटा विचारला होता. त्याने थेट देकार्तला गाठलं होतं."

त्या रात्री मी घरी आलो तो कादंबरी बाजूला ठेवूनच. पुढचे कित्येक महिने मी त्या न्यायाधीशाच्या मागे लागलो. जे सापडले ते असे.

फ्रान्समध्ये लुआर नावाच्या नदीकाठी ब्लुआ हे गाव आहे. तिथे १६०१ साली फ्लोरिमाँ द बोन याचा जन्म झाला. पॅरिसला त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, थोडे दिवस सैन्यात काढले आणि मग गावच्या न्यायालयात तो सल्लागार-न्यायाधीश झाला. पोटाचा उद्योग कायद्याचा. जीव मात्र गणितात आणि दुर्बिणीच्या भिंगांत. त्याला संधिवाताचा जुना विकार होता. असा हा खेड्यापाड्याकडचा न्यायाधीश त्या काळच्या गणितात कसा पोचला? पॅरिसमध्ये मेरसेन नावाचे एक धर्मगुरू होते. ते म्हणजे त्या काळच्या विद्वानांचे टपालखातेच. ज्याला जे सुचे ते तो मेरसेनना लिही आणि मेरसेन ते पुढे धाडीत.

१६३७ साली हॉलंडमध्ये लायडन येथे देकार्तचे 'भूमिती' हे प्रकरण छापून निघाले. वक्ररेषा समीकरणाने मांडायची नवी वाट त्यात होती. पण पुस्तक महाकठीण. देकार्तने पुष्कळशा पायऱ्या मुद्दामच गाळल्या होत्या. वाचणाऱ्यांनाही शोधाचा आनंद मिळावा म्हणून, असे तो स्वतःच म्हणतो. आपल्यासारख्या शिक्षकांना या युक्तिवादातली मेख लगेच कळेल! द बोनने त्या पुस्तकावर टिपा लिहिल्या आणि सुटलेल्या पायऱ्या भरून काढल्या. आजच्या भाषेत त्याने 'गाइड' लिहिले. देकार्तला त्या टिपा आवडल्या, आणि १६४९ साली 'भूमिती'चे लॅटिन भाषांतर निघाले तेव्हा त्या त्यासोबत छापल्या गेल्या.

पण टिपा लिहिता लिहिता या माणसाला एक शंका आली. देकार्तच्या काळी सगळे जण एकच प्रश्न सोडवीत होते: वक्र दिला आहे, त्याची स्पर्शरेषा काढा. देकार्तची एक रीत होती, फर्माची दुसरी होती, आणि १६३८ साली या दोघांचे त्यावरून चांगलेच वाजले होते. द बोनने प्रश्न उलटा केला. स्पर्शरेषेचा गुण मी सांगतो, वक्र तुम्ही काढा. त्याच्या प्रश्नांपैकी एक मूळ मांडणीत थोडा आडवळणाचा होता; पण अक्ष तिरका धरला की तो असा सरळ होतो: ज्या वक्राची उपस्पर्शिका सर्व ठिकाणी सारखीच राहते, तो वक्र कोणता? पहिल्याने माप घेऊन मग अंगरखा शिवावा, तसा हा प्रश्न होता. तोवर लोक शिवलेल्या अंगरख्याचेच माप घेत बसले होते.

हा प्रश्न मेरसेनमार्फत देकार्तकडे गेला. २० फेब्रुवारी १६३९ या तारखेचे देकार्तचे उत्तर उपलब्ध आहे. त्याने प्रश्न झटकून टाकला नाही. वक्राचा कोणताही बिंदू कोणत्या दोन मर्यादांच्या आत असलाच पाहिजे हे त्याने दाखवले, आणि त्या मर्यादा हव्या तितक्या जवळ आणता येतात हेही दाखवले. दोन रेषा दोन वेगवेगळ्या वेगांनी सरकत ठेवल्या तर त्यांच्या छेदनबिंदूने हा वक्र काढला जाईल, असेही त्याने सांगितले. म्हणजे दाराच्या कडीला त्याचा हात लागला होता. आणि मग तो थांबला. त्याचे म्हणणे असे, की या दोन गतींचा एकमेकींशी नेमका मेळ घालता येत नाही. तेव्हा ही रेषा 'यांत्रिक' जातीची, माझ्या 'भूमिती'तून मी वगळलेल्या रेषांपैकी आहे. देकार्तने गणिताच्या शेताला स्वतःच कुंपण घातले होते: समीकरणात मावेल तेवढेच आत. सगळ्यांत सुंदर वक्र त्या कुंपणाला नाक लावून उभा होता, आणि मालकाने त्याला परत पाठवले.

मला इथे माझा तास आठवला. 'पुस्तकात आहे तेवढं कर.' पण देकार्तची आणि माझी बरोबरी होत नाही. त्याने निदान जेवढे हाती लागले होते तेवढे लिहून पाठवले, आपण कुठे अडलो ते सांगितले. मी नुसते 'बस खाली' म्हटले होते.

दैवाची थट्टा अशी, की उत्तर त्या वेळी छापील पुस्तकात पडून होते. १६१४ साली एडिंबरो येथे जॉन नेपियर या स्कॉटिश जमीनदाराने लॉगॅरिथमचे पुस्तक काढले. सुमारे वीस वर्षे तो त्या कोष्टकांवर खपला होता. जुन्या पिढीच्या हातात परीक्षेच्या वेळी जे लॉगचे पुस्तक असे, त्याचा हा मूळपुरुष. नेपियरने लॉगॅरिथमची व्याख्याच मुळी दोन धावत्या बिंदूंनी केली होती. एक बिंदू एकसारख्या वेगाने चालतो. दुसरा एका ठरावीक रेघेवर धावतो, पण त्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मे उरले की वेगही निम्मा. वेग उरलेल्या राशीच्या प्रमाणात, म्हणजे चढ उंचीच्या प्रमाणात. हीच द बोनची रेषा, फक्त उतरती! आणि लॉगॅरिथमची भरघोस कोष्टके आद्रियान व्लाक याने १६२८ साली हॉलंडमधल्याच गाउडा गावी छापली होती. ज्या देशात बसून देकार्त उत्तर लिहीत होता, त्याच देशात उत्तर छापखान्यातून निघून चुकले होते. पण नावाड्यांनी आणि ज्योतिष्यांनी वापरायचे आकडेमोडीचे पुस्तक आणि तत्त्ववेत्त्याची भूमिती यांची भेट कोणी घालून दिली नव्हती.

ते लॉगचे आकडे आले कुठून, हेही सांगण्यासारखे आहे. नेपियरचे पुस्तक वाचून लंडनच्या ग्रेशम कॉलेजातले प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ साली प्रवास करून त्याला भेटायला एडिंबरोला गेले. दहाच्या पायावर कोष्टके करावीत असे दोघांचे ठरले. १६१७ साली नेपियर वारला आणि काम ब्रिग्जनी एकट्याने ओढले. १६२४ साली त्यांनी तीस हजार संख्यांचे लॉगॅरिथम चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. यासाठी त्यांनी केले काय? दहाचे वर्गमूळ काढले. त्या वर्गमूळाचे वर्गमूळ. पुन्हा त्याचे. असे चोपन्न वेळा, आणि सगळे हाताने. वर्गमूळे एकाच्या अगदी जवळ आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की आता प्रत्येक वर्गमूळानंतर एकावरचा भाग बरोबर निम्मा होतो आहे. वक्राचा इतका बारीक तुकडा झाला होता की तो सरळ दिसू लागला होता. नाव न घेता ब्रिग्ज स्पर्शरेषेवर येऊन उभे होते.

ही गंमत घरच्या घरी करून पाहता येते. दर पावलाला दुप्पट होणारा वक्र घ्या. सुरुवातीला उंची एक, एका पावलावर दोन, मग चार, मग आठ. सुरुवातीच्या बिंदूपाशी त्याचा चढ किती? पूर्ण पाऊल टाकले तर उंची एकने वाढते, म्हणजे चढ १. अर्धे पाऊल टाकले तर दोनचे वर्गमूळ १.४१४२, वाढ ०.४१४२, तिला अर्ध्याने भागले की ०.८२८४. पाव पावलाला ०.७५६८. अष्टमांशाला ०.७२४१. सोळाव्या हिश्श्याला ०.७०८४. पाऊल हजारावा हिस्सा केले तर ०.६९३४. आकडा उतरतो, पण शून्याकडे धावत नाही, ०.६९३१ च्या पुढे-मागे स्थिरावतो. पाऊल जवळजवळ शून्य करायचे आणि गुणोत्तर कुठे स्थिरावते ते पाहायचे, यालाच कॅल्क्युलस म्हणतात. मराठीत आपण कलनशास्त्र म्हणतो. एकदा हा आकडा हाती आला की बाकी वक्र आपला. उंची आठ असेल तिथला चढ आठ गुणिले ०.६९३१, म्हणजे सुमारे ५.५४५, कारण पुढच्या चिमुकल्या पावलाला वक्र सगळीकडे सारख्याच पटीने वाढतो. आठाला ५.५४५ ने भागा: १.४४२७. सोळापाशी करा, बत्तीसपाशी करा, भागाकार तोच येईल. हीच ती न हलणारी उपस्पर्शिका.

हे सगळे एका सूत्रात ओवायचे काम लायब्निट्झचे. ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात त्याचा सहा-सात पानांचा लेख आला. कॅल्क्युलसवरचा छापून आलेला हा पहिला लेख. न्यूटनची रीत त्याच्याआधीची होती पण छापलेली नव्हती. त्यावरून पुढे मोठे भांडण झाले, ते आज राहू द्या. लेखाच्या शेवटी आपल्या नव्या रीतीचे सामर्थ्य दाखवायला लायब्निट्झने कोणता प्रश्न निवडावा? ब्लुआच्या न्यायाधीशाचा! हा प्रश्न द बोनने देकार्तला घातला होता आणि देकार्तला तो सुटला नाही, असे त्याने तिथे स्पष्ट लिहिले आहे. देकार्तची पत्रे तोवर छापून झाली होती, त्यांतून ही गोष्ट त्याला कळली होती.

त्याची रीत पाहा. वक्राच्या पोटाला एक चिमुकला त्रिकोण काढला: आडवे पाऊल आणि त्या पावलातली वाढ. तो उंची आणि उपस्पर्शिका यांच्या मोठ्या त्रिकोणासारखाच, फक्त लहान. तेव्हा वाढीला पावलाशी जे प्रमाण, तेच उंचीला उपस्पर्शिकेशी. उपस्पर्शिका कायम आहे आणि पावलेही सारखी टाकली आहेत. म्हणून वाढ ही उंचीच्या प्रमाणात. म्हणजेच पावले अंकगणिती श्रेढीत चालली की उंची भूमिती श्रेढीत चालते. हाच लॉगॅरिथमचा वक्र. संपले! पंचेचाळीस वर्षे दाराबाहेर उभा असलेला प्रश्न चार ओळींत घरात आला. पावलाला महिना म्हणा, उंचीला रक्कम म्हणा, आणि ही सावकाराची वही होते.

द बोनला हे पाहायला मिळाले नाही. तो १६५२ साली ब्लुआलाच वारला. त्या वेळी लायब्निट्झ सहा वर्षांचा होता. पन्नाशीच्या आसपास आजाराने थकलेल्या त्या न्यायाधीशाने शेवटच्या दिवसांत आपल्या प्रश्नाबद्दल काय विचार केला असेल, हे कादंबरीकार म्हणून मला रंगवता येईल; पण इतिहास लिहायला बसलो आहे, तेव्हा हात आवरतो.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येतो. त्याचा प्रश्नही इतिहासात आधी विचारला गेला होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा याकोब बर्नुली याने चक्रवाढ व्याजाचाच प्रश्न घेतला, आणि १६९० साली त्याच 'आक्टा'मध्ये त्याचे उत्तर छापले. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळवत गेले तर वर्षाअखेर रक्कम किती? समजा एक रुपया आहे आणि वर्षाचे व्याज रुपयाला रुपया. वर्षातून एकदा धरले तर दोन रुपये. दोनदा धरले तर सव्वादोन. चारदा धरले तर २.४४१४. दर महिन्याला २.६१३०. रोज धरले तर २.७१४६. आणि तासाला, मिनिटाला, पळापळाला? बर्नुलीने दाखवले की रक्कम अडीचच्या वर जाते, पण तिनाच्या आतच राहते. ती थांबते! पुढे त्याच गावच्या ऑयलरने १७३१ मधल्या एका पत्रात या थांबण्याच्या जागेला एका अक्षराचे नाव दिले, आणि १७४८ च्या ग्रंथात तिची किंमत तेवीस दशांश स्थळांपर्यंत छापली. आपल्याला २.७१८२८ एवढे पुरे.

न्यायाधीशाचा प्रश्न आणि मुलाचा प्रश्न इथे एकमेकांना भेटतात. दुपटीच्या वक्राची उपस्पर्शिका १.४४२७ पावले होती. दसपटीच्या वक्राची ०.४३४३ येते. ती बरोबर एक पाऊल यावी, म्हणजे चढ नेमका उंचीइतकाच असावा, असे वाटत असेल तर पावलागणिक किती पटीने वाढणारा वक्र घ्यावा? २.७१८२८ पटीने! ब्लुआच्या न्यायाधीशाने पट्टी घेऊन विचारले, कर्जदाराच्या मुलाने घरची काळजी घेऊन विचारले. उत्तर दोघांनाही एकच.

गणित थांबते हे खरे, पण ते एका वर्षापुरते. वर्षामागून वर्षे गेली की वक्र फणा काढतोच. आपल्या जुन्या लोकांना हे कॅल्क्युलसवाचून कळले होते. दामदुपटीचा नियम त्यासाठीच: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. हा नियम धर्मशास्त्रातला, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत. वक्र दुपटीला पोचला की त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. देकार्तने कुंपण घातले ते गणिताला, आपल्या स्मृतिकारांनी घातले ते लोभाला. दुसरे कुंपण मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कादंबरी पुढे पुरी झाली. सावकाराचा हिशेब तिच्यात बिनचूक आहे. तेवढ्यासाठी गुरुजींनी माझी पाठ थोपटली. पण ज्याला हिशेब सांगायला हवा होता त्याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. आता तो मोठा बाप्या झाला असेल. त्याची मुलेही शाळेत जात असतील. तेव्हापासून वर्गात मी एक नेम पाळतो. मला न येणारा प्रश्न कोणी विचारला की तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, भोवती चौकोन काढतो आणि तो पुसायचा नाही अशी मुलांना ताकीद देतो. काही चौकोन दुसऱ्या दिवशी पुसले जातात, काही महिनोन् महिने तसेच राहतात. तपासनीस येतात, विचारतात, "हे काय?" मी सांगतो, "हे मास्तरांचं कर्ज."

दिवाळी अंक घरोघर जातात, शहरांतल्या वाचनालयांत जातात, हातोहात फिरतात. न जाणो, हे पान त्याच्याही हाती पडेल. म्हणून उशिरा का होईना, उत्तर इथे लिहून ठेवतो. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. क्षणाक्षणाला व्याज धरले तरी रुपयाचे वर्षाअखेर तीन रुपये होत नाहीत. दोन रुपये बहात्तर पैशांच्या अलीकडेच ते थांबते. त्या दिवशी 'मला येत नाही, आपण शोधू' एवढेच मी म्हणायला हवे होते. त्या न बोललेल्या वाक्याचे व्याज मी अजून भरतो आहे.